बाबांच्या दमण्याचं कारण विचारायला डोंबिवलीला

कोलशेतच्या कोळीवाड्यातून आम्ही सकाळी आठला निघालो आणि रिक्षापर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला. अंतर दोनशे पावलांचं. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. याच बाबांनी लहानपणी मला होडीत घालून खाडीने कल्याणला नेलं होतं, एकट्याने वल्हवत, मधे न थांबता. आता दोन वर्षं ते बसल्या जागी दमत होते. हाताला थरथर होती, गोळ्या चालू होत्या, फरक शून्य. मी वागळे इस्टेटमध्ये लेथवर आठ तास उभा राहणारा माणूस, मला त्यांचा राग यायचा. ‘अंगचोर झालात,’ असं मी तोंडावर म्हटलं होतं. आज डोंबिवलीच्या मेंदूच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारायच्या होत्या, बाबा इतके दमतात कशाने आणि पुन्हा वल्हं धरतील का?

रेल्वेचे जिने त्यांना झेपले नसते, म्हणून माजिवड्यावरून ठाण्याला येऊन एसटी धरली. कळव्याच्या पुलावर बाबा खिडकीकडे सरकले.

“भरती लागली,” ते म्हणाले. सकाळपासून आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य. पुढे मुंब्र्याचा डोंगर उन्हात रखरखत होता, पण त्यांनी मान वळवली नाही.

शीळफाट्याला टायर बसला आणि कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. समोरच्या टपरीवर वडे तळत होते. वास छान येत होता, म्हणून रस्ता ओलांडायला निघालो, तर बाबा मधेच थिजले. ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी हाताला हिसका दिला, तरी पाय उचलेना. टपरीवरचा म्हातारा धावत आला आणि त्याने आपली काठी बाबांच्या पावलांपुढे आडवी धरली.

“दादा, ही काठी ओलांडा फक्त,” तो म्हणाला.

बाबांनी ती ओलांडली आणि चालायला लागले.

“माझा भाऊ असाच होता,” म्हातारा मला म्हणाला. “ओढू नका हो त्यांना.”

मी बाबांना आधी वडापाव दिला. मला स्वतःची फार लाज वाटली.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी बाबांचे दंड दाबून पाहिले. “ताकद आहे की! पण ती वापरायला लावणारं रसायन मेंदूत आटलंय. डोपामीन. ते नसलं की दोन पावलंही डोंगराएवढी वाटतात. तुमची गोळी मेंदूत जाऊन तेच बनते. कशाबरोबर घेता?”

“निवटीच्या कालवणाबरोबर,” मी म्हणालो. (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा.) “रिकाम्या पोटी औषध नको म्हणून आई रोज भरपूर वाढते, अंगात ताकद यावी म्हणून.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “माशातली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारातून मेंदूत शिरतात. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. जेवणाआधी पाऊण तास घ्यायची. चालणं नक्की सुधारेल.”

“न् वल्हवनं?” बाबांनी विचारलं.

“ते आता कठीण आहे, काका.”

परतीच्या एसटीत कळव्याच्या पुलावर बाबांनी खाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुजे आयला यातला काय नको सांगू. माज्यासाठी ती चिखलात उतरून निवट्या धरते.”

“पण बाबा, गोळी…”

“होडी तं गेलीच ना? मंग तिला कशाला रडवाचा?”

घरी पोचलो तेव्हा आईने ताटं मांडलेली होती. “काय बोलला डाक्टर?”

“गोली बरी हाय, बोलला,” बाबा म्हणाले आणि थरथरता हात पुढे केला. आईने गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ताटात आणखी दोन निवट्या वाढल्या.

अंगात ताकद असूनही माणूस कसा दमतो, हे मी त्या दिवशी डोंबिवलीला जाऊन शिकून आलो होतो. बोलायला हवं होतं. मी बाबांना गोळीवर प्यायला पाणी दिलं.