कोरडं चालतं

कढई तापली होती, मिरची टाकायची वेळ झाली होती, तेव्हा मला उठवलं.

पुण्याहून व्हिडिओ काढणारी दोन माणसं आली होती. त्यातला एक म्हणाला, "या ताईंना जरा बाजूला घ्या." त्याला काही माहीत नव्हतं, त्याला फक्त उजेड हवा होता. पण शेडचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते मला म्हणाले, "बाजूला न्हाई. आत गोडाऊनमधी जा तू. आन् दार लोटून घे. चुकून तुझा हात दिसायचा एखाद्या फोटूत."

मी आत गेले. दार लोटून घेतलं. बाहेर दादांच्या बायकोला, वहिनीसाहेबांना, नऊवारी आणि नथ घालून माझ्या पाटावर बसवलं. मिरची टाकताच उठलेल्या खाटानं त्यांना ठसका लागला, म्हणून भट्टीच विझवली. मग थंड कढईत उलथणं फिरवत त्या म्हणाल्या, "ही चव आमच्या आजेसासूबाईंपासून आमच्या घरात आहे." तीन वेळा म्हणाल्या, कारण दोनदा चुकलं.

गोडाऊनमध्ये शमीमआपा पुड्या भरत होती. दाराच्या फटीतून बघून ती म्हणाली, "इस्तू न्हाई, धूर न्हाई, आन् मिरची भाजायलीय. मोबाईलमधी सगळं शिजतंय बाई."

आम्ही हसलो. हसलो, पण मी पोत्यांवर बसून होते आणि माझ्या पाटावर दुसरं कोणी.

वडवणीच्या अलीकडे रस्त्याला लागून दादांचं शेड आहे. तिथं येसर होतं, काळा मसाला होतो, लोणचं, ठेचा, ओल्या चटण्या होतात. येसर म्हणजे गहू, डाळी, धने आणि खडा मसाला भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी लागते. बारा वर्षं त्या शेडमधलं भाजण मी केलं.

फक्त भाजण. आम्ही गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले. कोरडं आमच्या हातचं चालतं. ओलं चालत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि मला कोणी सांगितलाही नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी लोणच्याच्या टोपाकडे हात नेला, तेव्हा कळला. वहिनीसाहेबांनी माझं मनगट धरलं नाही. धरलं असतं तर त्यांना मला शिवावं लागलं असतं. त्यांनी पळीनं माझा हात बाजूला सारला. "तू कोरड्यात बघ," म्हणाल्या.

येसराच्या मसाल्यात चमचाभर तेल लागतं. ते मी सोडायचं नाही. मी हाक मारायची, वहिनीसाहेब यायच्या, तेल सोडायच्या, जायच्या. त्या बीडला गेल्या की भट्टी बंद. एकदा शमीमआपा म्हणाली, "तेलाच्या डब्याला कुणाकुणाचे हात लागून आलेत, इचारलं का कुणी?" कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं.

मी हे का सहन केलं? माझ्या आईनं आयुष्यभर ऊसतोडीचा कोयता धरला. मला तो धरायचा नव्हता. शेडमध्ये सावली होती, पगार महिन्याच्या महिन्याला होता. एवढंच कारण. याहून मोठं कारण नाही.

व्हिडिओ चालला. पुण्या-मुंबईहून मागणी वाढली. मग एक दिवस दादांनी मला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"सही कर हितं. काय न्हाई, सगळ्यांकडून घेणारंय."

"काय लिवलंय?"

"तुला कावून पायजे? तुझ्या भल्याचंच हाय."

"मग वाचते की."

मी सातवी शिकलेली आहे. सावकाश वाचलं. काम सोडल्यापासून पाच वर्षं बीड जिल्ह्यात कुठंही, स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्याही नावानं, मसाला, येसर, चटणी, लोणचं, ठेचा, "कोणताही कोरडा अथवा ओला पदार्थ" मी तयार करून विकणार नाही, असं त्यात होतं. दुसऱ्याकडे कामालाही जाणार नाही. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. त्या शेडमध्ये माझं आडनाव कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

मी "ओला"वर बोट ठेवलं.

"दादा, ओल्याला तर तुमी मला हात लावू देत न्हाई."

"ती येगळी गोष्ट हाय."

"मग त्याची मनाई कशाला?"

दादा हसले. "तुझ्या हाताला चव हाय, बाई. उद्या कुणी फोडून नेलं तुला तर आमी काय करावं?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. विटाळ आहे म्हणून तो दारामागं लपवायचा. चव आहे म्हणून तो बांधून ठेवायचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच महिन्यात, मला तोंडावर सांगितल्या. आणि दोन्ही सांगताना त्याला काही वाटलं नाही.

"इचार करून सांगते," मी म्हणाले.

"त्यात इचार कसला? शुक्रवारी सही पायजे."

खरं तर मला कोणी फोडत होतंच. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्यानं एका लग्नात आमटी खाल्ली होती, भाजण कोणाचं ते विचारत आला होता. "मावशी, मला दर आठवड्याला लागंल. घरी करून देताव का?" म्हणाला होता. घरची भट्टी, माझं तेल, माझा चमचा. मी त्याला नाही म्हणाले नव्हते. या कागदावर सही केली की ते संपणार होतं.

नवरा दादांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याला घरी सांगितलं तर तो म्हणाला, "कर सही. न्हाईतर मला बी उतरवतील."

माझ्या मावसबहिणीची सून बीडला वकिली करते. तिला फोन लावला, कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "मावशी, काम सोडल्यानंतरची अशी बंदी कायद्यात टिकत नाही. कोर्टात गेले तर तेच हरतील."

नवऱ्यानं ते ऐकलं. "मग कर की सही. टिकतच न्हाई तर बिघडलं काय?"

त्याचं म्हणणं सरळ होतं. मला रात्रभर त्यातली खोट सापडेना. सकाळी भाकरी थापताना सापडली. दादा कोर्टात जाणारच नव्हते. ते कागद घेऊन कांडपवाल्याकडे जातील, दुकानदाराकडे जातील, ढाब्यावर जातील आणि म्हणतील, बघा, हिनं स्वतः लिहून दिलंय. कोर्टात न टिकणारा कागद गावात टिकतो. आणि तो टिकतो तो माझ्या सहीवर. माझ्या तोंडानं मीच कबूल केलेलं असेल की हे हात त्यांचे आहेत.

शुक्रवारी गेले. वहिनीसाहेबही बसल्या होत्या.

"न्हाई करत," मी म्हणाले.

वहिनीसाहेब म्हणाल्या, "इतकी वर्षं आमचं खाल्लंस तू."

"खाल्लं न्हाई, वहिनीसाहेब. तुमच्यात मला कुणी ताट वाढलंच न्हाई कधी. मी काम केलं."

दादांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. आवाज चढवला नाही. "जा मग. वडवणीत तुझं कोण घेतंय ते बघू."

त्याच संध्याकाळी नवऱ्याला ट्रॅक्टरवरून उतरवलं. तो माझ्याशी अजूनही फारसं बोलत नाही. ढाबेवाल्याचा फोन आला. "मावशी, माल तुमचाच भारी हाय. पण मला रोडवर धंदा करायचाय." कांडपवाला म्हणाला मशीन बिघडलीय. मशीन माझ्यासमोर चालू होती, आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

शमीमआपानं तसल्याच कागदावर अंगठा दिला. घरी येऊन तिनंच सांगितलं. "मला बोल लाव," म्हणाली. मी लावला नाही. तिच्या घरात कमावणारी ती एकटी आहे, आणि तिला रस्त्यावर आणायचं काम दादांचं, माझं नाही.

आता मी मिरचीचं पोतं एसटीत घालून बीडला नेते. तिथल्या कांडपवाल्याला दादा माहीत नाहीत. कंडक्टर खाटावरून कुरकुर करतो, मी सामानाचं तिकीट काढते आणि मागच्या सीटवर बसते. घरी येसर करते, लोणचं घालते, ठेचा करते. आठवडी बाजारात बसते.

पहिल्या बाजाराला निघताना नवरा एवढंच म्हणाला, "कुणी इचारलं तर गाव सांग. वस्ती सांगू नको."

दुपारी एक बाई आली. ठेच्याचा वास घेतला, येसराची पुडी उचलली, पिशवीत टाकली. पैसे काढता काढता तिनं विचारलं, "कुठल्या म्हणायच्या तुमी?"

मी गाव सांगितलं. वस्ती सांगितली. आडनाव सांगितलं.

तिनं पुडी पिशवीतून काढून परत ठेवली. "घरी हाय वाटतं येसर," म्हणाली आणि गेली.

मी पुडी ओळीत नीट लावली. त्या दिवशी बऱ्याच पुड्या परत आणल्या. पुढच्या बाजारी कोणी विचारलं तर हेच तीन शब्द सांगणार आहे, त्याच्या पुढच्या बाजारीही. लपून विकायचं असतं तर शेडमध्येच राहिले असते.