कापूस वेचणीची पिशवी

नवरा गेल्यावर नांदुऱ्यात मी एकटीच शिलाईचं दुकान चालवू लागले. कापूस वेचणाऱ्या बाया ब्लाउज शिवायला यायच्या. माप घेताना त्यांना धड सरळ उभं राहता येत नसे. दिवसभर कमरेला ओटी बांधून, तिच्यात कापूस भरत वाकायचं. म्हणून मी दोन्ही खांद्यांवर अडकवायची पिशवी शिवली. खाली नाडी ठेवली. ती ओढली की कापूस थेट गोणीत पडायचा. चारदा उसवली, तेव्हा कुठे जमली.

पिशव्या घेऊन सोनाळ्याच्या बाजारात बसले. बायांनी अडकवून पाहिल्या, हसल्या. "लय हलकं वाटते बाई," एक म्हणाली आणि पिशवी परत ठेवली.

"मंग घे ना."

"आमी काऊन घेऊ? कापूस मालकाचा. त्यानं द्यावं."

तीन बाजार असेच गेले. येताना एसटीत गठ्ठा मांडीवर घेऊन बसायचे. घरी कुलूप उघडल्यावर, काय झालं म्हणून विचारणारं कोणी नव्हतं.

मग मालकांकडे गेले. एकानं सगळं ऐकून घेतलं. "पाठ तं साऱ्याइचीच दुखते," तो म्हणाला.

पुढच्या गावात मी पाठीचं नावच काढलं नाही. "कापसाले माती लागत नाही, पालापाचोळा येत नाही. व्यापारी खोट काढणार नाही," एवढंच सांगितलं. त्या मालकानं लगेच बारा पिशव्या घेतल्या. बोलले ते खरंच होतं, तरी दिवसभर काहीतरी लपवल्यासारखं वाटत राहिलं.

नंतर संग्रामपूरच्या एका कृषी केंद्रानं पिशव्या ठेवायला घेतल्या. वर त्यांच्या दुकानाचं नाव छापायचं, ही त्यांची अट. मी हो म्हणाले. माझ्या दुकानात दोन शिलाईवाल्या ठेवल्या. संध्याकाळी त्या घरी गेल्या की यंत्रं गप्प व्हायची, आणि मग मी रेडिओ लावायचे.

गेल्या हिवाळ्यात एसटीच्या खिडकीतून एका शेतात बायांच्या खांद्यांवर माझ्या पिशव्या दिसल्या. पुढच्या थांब्यावर उतरले, मागे चालत गेले. धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाशी वेचणाऱ्या बाईला विचारलं, "कशी हाय पिशवी?"

"चांगली हाय. पाठ दुखत नाही आता. तुमाले पायजे का? संग्रामपुरात भेटते."

"हाव, घेईन," मी म्हणाले.

ती पुन्हा कापूस वेचू लागली. पुढची गाडी तासाभरानं होती. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले.