खळ्यातलं ओलं सारवण

"घर बंद असा म्हणतास, मगे ह्यां सारवण कोणी केल्यान?"

माझी बायको सुमन दत्ताराम दलालावर अशी ओरडली की समोरच्या माडावरचा पाडेली नारळ टाकायचा विसरून खालीच बघत राहिला. दाराला कुलूप, कुलपाला गंज, गंजावर कोळ्याचं जाळं — आणि दारासमोरचं खळं, म्हणजे आमच्याकडचं अंगण, शेणानं ताजं सारवलेलं. पाय ठेवला तर उमटेल इतकं ओलं. दत्ताराम घाम पुसत शपथा घेत होता की दोन पावसाळे या घरात मांजरसुद्धा शिरलेलं नाही.

आता मी कसला माणूस ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही हसणार नाही. भूत, देवचार, राखणदार... आपला विश्वास शून्य. मुळगावच्या खाणीवर मी ट्रक चालवायचो. वाटेत देवचारानं विडी मागितली असती, तर मी त्याच्याकडेच आगपेटी मागितली असती आणि वर दोन ट्रिपा क्लीनर म्हणून राबवला असता.

गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालं होतं. चहाच्या दुकानात मराठी की कोंकणी यावर अजून कप फुटत होते. आम्ही मूळचे बांद्याकडचे, डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहायचो. खनिजाची धूळ अशी की पांढरी कोंबडी विकत आणावी आणि आठवड्यात ती तांबडी व्हावी. सुमन धुणं वाळत घालायची आणि वाळलं की पुन्हा धुवायला काढायची. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती — स्वतःचं खळं. घर त्याच्या मागून आलं तरी चालेल. दुसऱ्यांच्या दारातून जाताना ती खळं बघायची. माणसं तिला दिसायचीच नाहीत.

हे घर हरमलच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मंगळुरी कौलं, मागे विहीर, पुढे तुळस. किनाऱ्यावर गोऱ्यांना खोल्या भाड्यानं द्यायची धूम सुरू झाली होती. दर चढायच्या आत घ्यायचं होतं. तुम्हीही घर घेणार असाल तर ऐका — विहीर मे महिन्यात बघावी, जुलैमध्ये सगळ्याच विहिरी श्रीमंत असतात. उताऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं बघावी, नाहीतर घरभरणीच्या जेवणाला मस्कतची एखादी बहीण हिस्सा मागत उगवते. कुणी मुंडकार राहतो का विचारावं. दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्याचा हक्क कायद्यानं पक्का असतो. दारापर्यंतची वाट कुणाची, तेही विचारावं. हे सगळं मी केलं. पण खळं कोण सारवतं, हे कुठल्या उताऱ्यावर शोधणार?

मला वाटलं, दलाल घर नटवतोय. म्हणून एका दुपारी न कळवता मी आणि सुमन तिथं जाऊन पायरीवर बसलो. मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही... कुंपणाच्या वईतून गाय आत शिरत होती, तिला हाकलायला मान वळवली, तेवढंच. परत बघतो तर तुळशीजवळ हातभर जागा ओली. बघत राहिलं की काही नाही. नजर हलली की ओल पुढे सरकलेली. ताज्या शेणाचा वास. माझी विडी बोटांतच विझली.

सुमन मात्र वाकून बघत होती. घाबरलेली नव्हती. सारवणात उमटलेले बोटांचे फेर तिनं मला दाखवले आणि हळू आवाजात म्हणाली, "डावखुरी असा. हात बघ कसो उलटो फिरलो."

तिच्या आवाजात हेवा होता हो, दुसरं काही नाही.

मी विसार देऊन टाकला. राहायला जाण्याआधी रीतीप्रमाणे देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं. गावकर, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा मानकरी, नारळ हातात घेऊन उभा राहिला. मी शहाणपणा केला, त्याच्या कानाला लागलो. त्यानं खणखणीत आवाजात घातलं — ह्या घरात बाहेरची कोण बाय येत-जात आसात, तर तिका वाटेर अडव रे म्हाराजा! सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सुमन तोवर पायऱ्या उतरून खाली गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून खळं कोरडं. आठवड्यात त्याचे पोपडे सुटले. मी स्वतःची पाठ इतकी थोपटली की मोरजीच्या कासवांनी वाळूतून मान वर काढली असेल.

मग कागदांसाठी वास्कोला गेलो, घरमालक उमेशच्या फ्लॅटवर. तिसरा मजला. त्याची म्हातारी आई, दोन पावसाळ्यांपूर्वी हे घर बंद करून इथं आणलेली, दाराशी स्टुलावर बसलेली, हात कडीवर. उमेश वैतागून सांगू लागला: ही रोज दुपारी जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायची, उठली की चहाआधी कोपरापर्यंत हात धुवायची, कशाला ते देव जाणे, आणि मग संध्याकाळभर खुशीत. आता झोप नाही, जेवण नाही. कधीपासून, मी विचारलं. गेल्या रविवारपासून, तो म्हणाला. आमचं गाऱ्हाणं रविवारचंच. सुनेनं चहा आणला. म्हातारीनं कप डाव्या हातात घेतला.

सुमन तिच्या पायाशी बसली. "आये, झोप खंय गेली तुझी?"

"झोप येता गो." म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "पण वाटेर कोण तरी उभो असा. माका पुढे जावक देणा नाय."

माझ्या हातातले कागद फरशीभर पसरले. फॅन चालू होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या सकाळी सुमननं मला देवळात ओढत नेलं. घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायला आलेला माणूस गावकरानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. काय सांगायचं ते सुमनच त्याला म्हणाली, "ती बाहेरची नाय. तिका येवंदे."

दुपारी खळं ओलं झालं. मी धावत दुकानात जाऊन वास्कोला फोन लावला. उमेश दबक्या आवाजात म्हणाला, आई झोपलीय, मागाहून करा.

खरेदी झाली, आम्ही राहायला आलो. सुमन सकाळी बादलीत शेण कालवून तुळशीजवळ ठेवायची आणि जेवणं झाली की दार लोटून घ्यायची. मलाही खळ्यात जाऊ द्यायची नाही. ज्या खळ्यासाठी जन्मभर झुरली, त्याला दोन वर्षं तिनं हात लावला नाही. मग म्हातारी गेल्याचा निरोप आला. त्या दुपारी बादली तशीच राहिली.

हे काय होतं? मी भटजींना विचारलं, हरमलच्या पाद्र्याला विचारलं, खाणीवरच्या इंजिनिअरला विचारलं. इंजिनिअर म्हणाला, भूजल. बाकीच्या दोघांनी तेवढंही सांगितलं नाही.

आता खळं सुमनच सारवते. तुळशीजवळची हातभर जागा तेवढी कोरडी सोडते. परवा मी म्हटलं, घर आपलं, कागद आपले, शिक्के आपले... तो तुकडा कुणासाठी ठेवतेस?

तिनं बादली विसळली, पाणी माडाला ओतलं आणि म्हणाली, "तेवढां तिचां असा."