काकांची सम

ठाण्यात नौपाड्यातले आमचे शेजारचे काका प्रत्येक मैफलीत पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरतात. ते थांबले तर तबलजी बिचारा उघडा पडेल ना!

परवा व्हायोलिनवाल्या बुवांनी शेवटी भैरवीऐवजी चक्क अर्जेंटिनाचा टँगो काढला. विलंबितात पेंगलेलं सभागृह खडबडून जागं झालं.

"नवीन काय त्यात? आपला किरवाणी रागच आहे हो," काकांनी मागे वळून मला सांगितलं. टँगोचा उगम ठाण्यातच, हे बरं कळलं.

पण काकांना सम काही सापडेना. मांडीवरचा हात अडखळला, हवेत थांबला आणि बाजूला बसलेल्या काकूंच्या हातावर टेकला.

टाळ्या झाल्या. काका ओशाळून हात काढू लागले. मैफलीत कधी 'वा'सुद्धा न म्हणणाऱ्या काकू तो घट्ट धरून ओरडल्या, "वन्स मोअर!"