वर सरका, वर जागा हाय!

फॉर्म दिल्लीला गेले आणि किस्से माझ्याकडे राहिले. लातूर-नांदेडमध्ये आनंदाचा सर्व्हे केला की दुसरं काय होणार? चहाला कोणी आलं की मी एक सांगतो, त्यातून दुसरा आठवतो, आणि आतून बायको ओरडते, "चहा निवला!" परवा तिनेच सुचवलं, "एकदा लिहून काढा सगळं. पाहुणे तरी सुटतील."

तर लिहितो. मी औरादकर, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. आहे, पण त्याचा आधार वाटण्यापेक्षा धाकच जास्त वाटतो. कुठलाही आकडा लिहिला की तीनदा तपासतो आणि चौथ्यांदा तपासला नाही म्हणून काळजी करत बसतो. काळजी असली की माझं जेवण कमी होतं. एरवी दोन भाकरी खातो. ताटात किती उरलं यावरून माझी काळजी केवढी ते मंगलला, म्हणजे बायकोला, बरोबर कळतं.

दरवर्षी पेपरात आनंदी देशांची यादी येते. आपला देश बराच खाली असतो. मग आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर भांडणं होतात. यंदा दिल्लीच्या एका संस्थेने तोच प्रश्न आपल्या भागात विचारायचं ठरवलं आणि मला सुपरवायझर केलं. हाताखाली दोघं. एक बिराजदार, निवृत्त एसटी कंडक्टर. दुसरी सविता पांचाळ, नांदेडची, एम.एस.डब्ल्यू. झालेली, कोणाच्या बापाला न भिणारी.

प्रश्न सोपा होता. एक शिडी आहे असं समजा. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आयुष्य, दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

अख्ख्या जगाला हे विचारताना मला मात्र एकच गोष्ट टोचत होती. चाळीस वर्षांत मंगलला मी हे कधी विचारलं नव्हतं. तिचं माहेर नांदेडचं. "दोन वर्षांत तिकडे बदली करून घेतो" असं सांगून मी तिला लातूरला आणलं. ती दोन वर्षं अजून चालू आहेत.

*

रंगीत तालीम कट्ट्यावरच केली. तिथले निवृत्त तहसीलदार यादीवरून सगळ्यात जास्त चिडायचे. "शेजारचे देश आपल्या वर? छे!"

मी शिडी दाखवली. तहसीलदार उभे राहिले. "दहा लिहा!"

"दहा? नक्की?"

"देशासाठी!"

मग सगळ्यांनीच देशासाठी दहा दिले. तहसीलदारांचे डोळे पाणावले. मी पुढचा प्रश्न वाचला, "काल दिवसभरात तुम्हाला काळजी किंवा चिडचिड वाटली का?"

तहसीलदार खाली बसले. "कालचं काय विचारता? परवापासून सांगतो." आणि गुडघा, धाकटी सून, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असं करत चाळीस मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पण ते दहा खोडू नका हं!"

*

घरात गेल्यावर कोणाला विचारायचं, याचाही नियम होता. ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला विचारायचं. शास्त्रशुद्ध नियम! मी तासभर समजावून सांगितला होता.

निलंग्याजवळच्या एका गावात सविताने मोठ्या काकांना जन्मतारीख विचारली.

"एक जून."

धाकट्या भावाला विचारलं. "एक जून." काकूंना विचारलं. "मलाबी त्योच." चुलत भाऊ दारातूनच ओरडला, "माझं नगं विचारू, एक जूनच हाय!"

सविता म्हणाली, "काका, अख्खं घर एकाच दिवशी कसं जन्मलं?"

"जन्मलो कवाबी आसंल बाई. शाळेत घालताना तारीख मास्तरनं टाकली. आन् मास्तर गावाला एकच व्हते!"

मी दिल्लीला फोन लावला. तिकडच्या मॅडमना सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, केवढा मोठा योगायोग!"

माझा स्वतःचाही वाढदिवस एक जूनलाच असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

*

धर्माबादला मिरच्या वाळत घातलेल्या अंगणात दोन जावा बसल्या होत्या. निवड थोरलीची झाली. ती म्हणाली, "चार लिवा." घर नवं, मुलगा नोकरीला लागलेला, आणि चार! सविताने शिंकत शिंकत चार लिहिले.

गल्लीच्या कोपऱ्यावर मागून हाक आली. थोरली धावत आली होती. "ताई, आठ करा त्याचे. तिच्यासमोर कसं सांगू? दृष्ट लागती!"

सविताने आठ केले. ती रिक्षात बसणार तेवढ्यात धाकटी धापा टाकत आली. तिची निवडच झालेली नव्हती!

"जाऊबाईनं किती सांगितले?"

"ते गुप्त असतं, मावशी."

"आसू द्या गुप्त. माझा तिच्याहून एक जास्त लिवा. पर तिला चार सांगा!"

*

विष्णुपुरीच्या होस्टेलवरचा एक मुलगा जरा विचार करून म्हणाला, "सात, सर." मला बरं वाटलं. मग म्हणाला, "पण तीन विषय राहिलेत. ते वजा करा." मी चार लिहिले. त्याने वाकून फॉर्म बघितला आणि विचारलं, "ग्रेस देता येते का, सर?"

*

बिराजदारांचे फॉर्म आले आणि माझी झोप उडाली. औशाकडच्या ज्या गावात सविताला सगळीकडे पाच मिळाले होते, त्याच गावात बिराजदारांना आठ आणि नऊ! मी मनातल्या मनात त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप ठेवला. मग आपणच गणितात चुकलो असू असं वाटलं. मग परत आरोप ठेवला. त्या दिवशी भाकरी एकच गेली.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो. पारावर एक म्हातारे आजोबा बसले होते. बिराजदारांनी शिडीचं चित्र समोर धरलं.

आजोबा म्हणाले, "बसवा की मधीच. पाच."

बिराजदारांची छाती फुगली. तीस वर्षं निलंगा-लातूर गाडीत जो आवाज घुमला, तो मी पारावर ऐकला.

"मधी काय थांबला, मामा? वर सरका, वर जागा हाय!"

आजोबा दचकून आठवर गेले.

"आजून सरका! मागून लोक यायलेत!"

मी पुढे झालो. "बिराजदार, असं सुचवायचं नसतं! जो जिथे आहे तिथेच राहू द्यायचा."

बिराजदार खरंच दुखावले. "सर, वर मोकळी जागा दिसत असताना मान्साला मधी कसं हुभं राहू देऊ?"

 

*

मग लातूरच्या एका कॉलनीचा घोळ झाला. मंगळवारी बिराजदार गेले, सगळीकडे तीन. आता ते कोणाला सरकवत नव्हते, मी त्यांना शपथ घ्यायला लावली होती. गुरुवारी उरलेल्या घरांत सविता गेली, तर नऊच नऊ! एकच कॉलनी, तशीच माणसं, एकमेकांना वाटीने साखर देणारी. माझी पुन्हा भाकरी उरायला लागली. शेवटी शुक्रवारी मीच गेलो.

पहिल्याच घरातल्या बाई हसल्या. "सर, मंगळवारी टाकी खडखडीत होती. बुधवारी नळ आला. कपडे धुतले, फरशी धुतली, ह्यांनी तर गाडीसुद्धा धुतली. गुरुवारी नऊ नाहीतर किती सांगणार?"

"मग खरा आकडा कोणता धरायचा?"

"आज आठ. उद्या सात. परवा पाहुणे आहेत, एकदम चार. तुम्हाला कोणत्या वाराचा पाहिजे ते सांगा, तसा देते."

मी विचारलं, "आणि एरवी? पाण्याचं सोडून?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत पहिल्या बाकावर बसून चुकीचं उत्तर दिलं आहे.

*

आता शेवटचा. दिल्लीहून निवडलेल्या घरांची नवी यादी आली, तिच्यात माझंच घर होतं. मी म्हणालो, हे घर बदला. मॅडम म्हणाल्या, "सर, यादी बदलायची नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

मी एक जूनवाला. मंगलचे वडील मात्र शाळामास्तर. गावातल्या सगळ्या पोरांना त्यांनी एक जून वाटला, पण स्वतःच्या मुलीला खरी तारीख दिली. तिचा वाढदिवस पुढच्याच आठवड्यात. निवड तिची झाली!

मुलाखतीच्या वेळी घरचं माणूस समोर नको, हाही नियम. बिराजदारांना आत पाठवून मी कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांचं काम. बिराजदार तासाने बाहेर आले, मिशीला सुशीलाचा, म्हणजे आमच्याकडच्या फोडणीच्या चुरमुऱ्यांचा, एक दाणा लागलेला.

"किती?" मी विचारलं.

"गोपनीय हाय, सर. तुमचाच नियम."

"पण चेहरा कसा होता?"

"सुशीला झकास झाला व्हता."

दोन दिवस मी तो लिफाफा उघडला नाही. आठ असतील तर तिने माझ्यासाठी वाढवले असतील. चार असतील तर? नांदेडचे किती वजा झाले असतील? पण सुपरवायझरने प्रत्येक फॉर्म तपासून सही करायची असते. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडला. आकड्याचा रकाना कोरा! शेजारी बिराजदारांच्या अक्षरात लिहिलं होतं: "बाई म्हणाल्या, किती लिहिल्यावर हे पोटभर जेवतील ते बघा आणि तेवढं लिहा."

रकाना कोरा असेल तर सुपरवायझरने स्वतः विचारून भरावा, असाही नियम होता. तोही मीच घातलेला. दिल्लीला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "मग विचारा ना, सर!"

दुपारी ताटावर बसलो. फॉर्म मांडीवर. मंगलने भाकरी वाढली.

"एक शिडी आहे असं समज," मी म्हणालो. माझा आवाज परीक्षेला बसल्यासारखा येत होता. "शून्य म्हणजे..."

"माहीत आहे. बिराजदार भाऊजींनी चित्र दाखवलं. आधी जेवा."

पहिली भाकरी संपवली. तिने दुसरी वाढली. अर्धी कशीबशी गेली आणि घास फिरायला लागला.

"मंगल, आपण नांदेडला गेलो असतो, तर तू कितव्या पायरीवर असतीस?"

"तिथेही तुम्ही हेच विचारत बसला असता." तिने माझ्या ताटाकडे बघितलं. दीड भाकरी पोटात, अर्धी ताटात. "साडेसात लिहा."

मी पेन काढलं आणि थांबलो. "फॉर्मवर अपूर्णांक चालत नाही."

"मग ती उरलेली अर्धी संपवा."