पंचवीस पटींचा घोळ

मी हॅनोव्हरला लूपवाली, तो हॅम्बर्गला स्ट्रिंगवाला. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांचा मेळ घालायच्या या दोन वाटा, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या व्याख्यानाला गेलीच तर मागच्या बाकावर बसून खुसुखुसू हसायची. त्याच्या मते सगळं जग थरथरणाऱ्या तारांचं. माझ्या मते अवकाशच मुळात बारीक कड्यांनी विणलेलं. दोघांचीही पीएचडी चालू होती आणि दोघंही एकमेकांच्या प्रेमात ठार वेडे झालो होतो.

घरी सांगायची मात्र मला धास्ती होती. आई आधी पत्रिका मागणार, हे ठरलेलं.

"आपण आपलीच पत्रिका करू," तो म्हणाला. "एकच कृष्णविवर घ्यायचं. त्याची एन्ट्रॉपी, म्हणजे आतल्या गोंधळाचं माप, तू तुझ्या पद्धतीनं काढ, मी माझ्या. आकडे जुळले की घरी फोन."

मी टाळी दिली. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं हे साधारण माहीत होतं, म्हणजे पेपर आधीच फुटलेला!

आकडे जुळले नाहीत. माझं उत्तर त्याच्या पंचवीस पट, वर थोडंसं.

"तुम्ही लूपवाले तो एक आकडा चवीनुसार मीठ घातल्यासारखा घालता ना, तिथेच गडबड असणार," तो फोनवर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तुमची कृष्णविवरं आकाशात कुठे आहेत ते दाखव आधी!" म्हणत मी फोन आपटला.

तीन आठवडे चूक सापडेना. गमतीत घातलेली अट मला खरी वाटायला लागली. आमचं जमणारच नाही, या विचारानं एकदा विद्यापीठाच्या खानावळीत, मेन्साच्या रांगेत ट्रे हातात धरून रडले.

शेवटी एका शनिवारी ‘येतेय’ एवढंच त्याला कळवून स्वस्तातलं वीकएंड तिकीट काढून धिम्या गाडीनं निघाले. युएल्त्सेनला गाडी बदलायची होती आणि पुढची आलीच नव्हती. त्यानं पाठवलेल्या गणिताची पानं तीनदा वाचून झाली होती, पहिलं सोडून. पहिल्या पानावर नुसती चिन्हं आणि गृहीतकं असतात. आमच्यात ते कोणी वाचत नाही. वेळ जाईना म्हणून वाचलं.

निसर्गाचे स्थिरांक आम्ही सरळ एक धरतो, लिहायचा त्रास वाचतो. त्यानं गुरुत्वाकर्षणाचा जी एक धरला होता. मी एट पाय जी, म्हणजे आठ गुणिले पाय गुणिले जी, एक धरला होता. आणि एट पाय म्हणजे पंचवीस, वर थोडंसं! दोन अर्धवट डॉक्टर, आणि एकालाही वास येऊ नये? मी फलाटावर एकटीच इतकी हसले की शेजारच्या आजींनी आपली पिशवी जवळ ओढली.

हॅम्बर्गला तो फेरीबोटीच्या धक्क्यावर उलटी झालेली छत्री घेऊन उभा होता. मी लांबूनच ओरडले, "एट पाय! एट पाय!"

त्यानं पान बघितलं, कपाळावर हात मारला, "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणून किंचाळला आणि मला उचलून गरगर फिरवलं. आमची बोट निघून गेली.

"चल, घरी फोन कर," मी म्हटलं.

"माझा झालाय. आईला मागच्या रविवारीच सांगितलं."

"अरे, तेव्हा आकडे कुठे जुळले होते?"

"तेही सांगितलं तिला. म्हणाली, मुलीचा आकडा पंचवीस पट जास्त आहे ना, मग आपण कशाला नाही म्हणायचं?"

मी तिथूनच, भर पावसात, माझ्या आईला फोन लावला. तिनं पत्रिकेचं विचारलंच.

"जुळली," मी म्हटलं.