माझ्या टाकीवरची अक्कांची डबी

शिवलीलाअक्का माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या गच्चीकडे बघायच्या. पहिल्यांदा माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी पायरीवर आलो, हात जोडले, खास गिऱ्हाइकांसाठी राखलेलं हसू बाहेर काढलं. आणि बाईंची नजर माझ्या टकलावरून सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीवर. "मालक, टाकी लई झ्याक उंच हाय की तुमची!" माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा सर्वांत चांगला उद्गार. पुढं इतकंही कौतुक वाट्याला आलं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. पण माझा खरा जीव दुकानाच्या पायरीवर. पाळी सुटली की मागावरचे कामगार सायकली टेकवून चहाला थांबत आणि मी त्यांना एमआयडीसीची खबरबात देई. कुणाचा माग बंद पडला, कुणाच्या पोरीचं मोडनिंबला जमलं, कुठल्या दोन मालकांची वाजली. साध्या जांभईचंही मी तीन अंकी नाटक करतो. त्या पायरीवर माझ्याआधी कुणी तोंड उघडलेलं मला खपत नसे.

अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभी नोकरी लोकांचे फोन जोडून देण्यात गेली. वादळात वीज गेली की इकडे मोबाइलचे टॉवरही मान टाकत आणि पत्र्याच्या शेडमध्ये कामाला असलेल्या बायकांना घरी 'उशीर होतोय' एवढंही कळवता येत नसे. अक्कांना ते बघवेना. त्यांनी तळहाताएवढ्या रेडिओच्या डब्या आणल्या आणि गच्च्यागच्च्यांवर बसवत सुटल्या. सिम नाही, इंटरनेट नाही. मोबाइल जवळच्या डबीला जोडायचा, त्यावर लिहायचं, आणि निरोप एका गच्चीवरून दुसरीवर उड्या मारत पोचायचा. त्या समजावत, "पंगतीत मीठ कसं फुडं सरकतंय? तसंच की. ज्याचं हाय त्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी फुडं द्यायचं."

आणि माझी पायरी ओस पडू लागली. मी घसा साफ करून "ऐकलं का, रेवणसिद्धाच्या घरी..." म्हणावं, तर समोरचा बशीत चहा ओतत म्हणे, "व्हय मालक, सकाळीच कळलं." त्या 'सकाळीच कळलं'नं माझ्या पोटात जी आग पडायची, ती कुठल्याच गोळीनं विझली नाही.

म्हणूनच अक्कांनी टाकीवर डबी बसवायची परवानगी मागितली तेव्हा मी साखरेहून गोड झालो. टाकी सगळ्यांत उंच, म्हणजे सगळे निरोप माझ्या घरावरून जाणार! डबी बसली, शेजारी छोटं सोलर पॅनेल लागलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, हे जाणारे निरोप वाचायचे कुठं?"

अक्का इतक्या हसल्या की चष्मा नाकावर आला. "कुलूपबंद जात्यात, मालक! डबी नुसती फुडं ढकलती. मी जलमभर त्येच केलं. जोडून द्यायचं, ऐकायचं न्हाय."

सगळ्या एमआयडीसीची गुपितं माझ्या छपरावरून जात होती आणि मी खाली टॉवेलांच्या घड्या घालत होतो.

मग दर वेळी तीन मजले चढायला नकोत म्हणून मी दुकानात स्वतःसाठी वेगळी डबी घेतली. सगळ्यांना वाचता येईल अशा गटात मी माझी सर्वांत गाजलेली गोष्ट सोडली: टॉवेलच्या गठ्ठ्यात झोपून थेट करमाळ्याला पोचलेल्या बोकडाची. एका निरोपात चार ओळींच्या वर मावत नाही, म्हणून तुकडे पाडले. शेवट आधी पोचला, बोकड मागून आला, मधला भाग कुठं गेला देव जाणे. लोक विचारू लागले, "कुणाचा बोकड?" "मेला का?" त्या गर्दीत बायकांचे निरोप अडकून पडले. भर उन्हात अक्का दुकानावर आल्या. "बिडरी मालक, सोडा ह्ये. तुमचं बोलणं म्हंजे डबलची चादर. हितं रुमालच मावतोय." पायरीवरची चार माणसं खदखदून हसली. माझ्या पायरीवर, माझ्यावर!

मागांवरचा कापूस उडून त्या सोलर पॅनेलवर बसे. दर सोमवारी अक्का गुडघ्यांवर हात टेकत तीन मजले चढून ते ओल्या फडक्यानं पुसत. मी एकदा म्हटलं, "मी पुसतो की." "नको. तुमी डबीशीच गप्पा मारत बसशिला."

एका सोमवारी अक्का आल्या नाहीत. रिक्षातून त्यांची धाकटी बहीण उतरली, डोळे सुजलेले. "पहाटं झोपेतच गेली. कुणाकुणाला कळवायचं, मला काय ठाव न्हाय. तुमीच सांगा."

कितीतरी दिवसांनी एक बातमी सर्वांत आधी माझ्याकडं आली होती. मी दुकानातला नवाकोरा टॉवेल भिजवून वर गेलो, पॅनेल पुसलं आणि टाकीला टेकून लिहायला बसलो. टेलिफोन खातं, पंगतीतलं मीठ, हसताना घसरणारा चष्मा, सगळं लिहिलं. मावेना. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी उरलं तेवढं पाठवलं: 'शिवलीलाअक्का गेल्या.'

मी आयुष्यात सांगितलेली सर्वांत लहान गोष्ट. ती तेवढी अख्खी, एका तुकड्यात, सगळीकडे पोचली. पाळी सुटायच्या आतच पायरी माणसांनी भरली; पूर्वीसुद्धा कधी भरली नव्हती इतकी. सवयीनं मी घसा साफ केला. पण माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो मान वर करून टाकीकडे बघत होता.

जाता जाताही बाईनं माझी पायरी पळवली.